मित्रांचा, सहकाऱ्यांचा स्वतःचा गट सुरू करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात गटांना तोटा नाही. पेठेपेठेत तालीम आहे, मोठ्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, गल्लोगल्ली तरुण मंडळ आहे. तरीही "आमचा आठ-दहा जणांचा स्वतःचा गट कसा काढायचा" असे विचारणारे थांबत नाहीत, कारण तालीम आणि मंडळ राहत्या पत्त्याबरोबर आपोआप मिळते, कामाच्या ठिकाणचे आणि कॉलेजातले मित्र मात्र मुद्दाम जमवून ठेवावे लागतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले असून, एका उत्तरात सांगितलेली गोष्ट दुसरीकडे लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. मग वेगळा गट काढायचा म्हणजे नेमके काय करायचे?

ग्रुप हे निरोप पोहोचवण्याचे साधन आहे. गट म्हणजे ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी जमणारी तीच ती माणसे. "एकदा भेटूया रे" या वाक्यावर चाळीस अंगठे येतात आणि पुढे वर्षभर कोणीही भेटत नाही, हा अनुभव बहुतेकांच्या गाठी असतो. निरोप न पाठवताही माणसे येतात का, एवढीच गटाची कसोटी आहे. गंगावेशेतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढलेले दूध प्यायला रोज येणाऱ्यांना कोणी आमंत्रण पाठवत नाही. म्हैस तेथे आहे, वेळ माहीत आहे, ओळखीचे चेहरे असणार हेही माहीत आहे, म्हणून पावले आपोआप वळतात. आपल्या गटाला ती सवय लागेपर्यंत साधारण तीन महिने चिकाटी धरावी लागते.

२. किती जणांनी सुरुवात करावी?

सहा ते बारा. चौघांच्या गटात दोघांना काम निघाले की भेट मोडते. पंधराच्या पुढे गेले की गप्पांचे दोन-तीन तुकडे पडतात आणि कोपऱ्यातला अबोल माणूस दोन भेटींनंतर यायचा बंद होतो.

३. मी बाहेरगावचा आहे. शिरोली एमआयडीसीत नोकरी लागली, पण कंपनीबाहेर ओळखीचे कोणी नाही. मी गट कसा काढणार?

नवख्या माणसाला हे काम उलट सोपे जाते, कारण त्याच्या संध्याकाळी मोकळ्या असतात आणि त्याला जुन्या मानापमानांचा इतिहास माहीत नसतो. कंपनीतल्या एकाच विभागातली माणसे न घेता दोन विभागांतली दोघे-दोघे घ्यावीत, आणि प्रत्येकाला कंपनीबाहेरचा एक मित्र आणायला सांगावे. त्यामुळे बोलणे उत्पादन, ओव्हरटाइम आणि साहेब यांच्याभोवतीच फिरत राहत नाही. सर्वांना एकदम संदेश पाठवण्यापेक्षा प्रत्येकाला समोरासमोर विचारावे. डबा खाताना "शनिवारी सात वाजता रंकाळ्यावर येशील का?" असे नाव घेऊन विचारलेल्या माणसाला टाळणे जड जाते, आणि आपले येथे भागते ते त्या भिडेवरच. कोल्हापूरकर बोलायला रोखठोक असतो, पण एकदा "या की" म्हणाला की चहाचे पैसे तुम्हाला देऊ देत नाही. त्या सवयीचे काय करायचे ते प्रश्न ८ मध्ये आहे.

४. गटाला काही विषय असावा लागतो का? आम्हाला नुसत्या गप्पा मारायच्या आहेत.

विषय नसला तरी निमित्त हवे. सकाळचे चालणे, कॅरम, महिन्याला एक पुस्तक, शाहू स्टेडियमवरचा सामना एकत्र पाहणे, भजन, सायकल, यांपैकी काहीही चालते. नुसत्या गप्पांचा गट पहिले दोन महिने उत्तम चालतो, मग सर्वांचे सांगून संपते आणि गैरहजर माणसाविषयी बोलणे सुरू होते. निमित्त असले की हात किंवा पाय कशात तरी गुंतलेले राहतात आणि गप्पा बाजूने चालत राहतात. फुटबॉल हे निमित्त घेणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावे: गटात पाटाकडीलचा एक आणि दिलबहारचा एक समर्थक असेल, तर त्या दोन संघांच्या सामन्याच्या दिवशी भेट न ठेवलेली बरी.

५. भेटायचे कुठे? कोणाच्या घरी, हॉटेलात की उघड्यावर?

सर्वाधिक गट या प्रश्नावर मोडतात, म्हणून उत्तर लांबवतो.

आमचा पहिला गट उद्यमनगरातल्या चार वर्कशॉपमधल्या मित्रांचा होता. दर शनिवारी जागा बदलायची, म्हणजे कंटाळा येणार नाही, असे आम्ही मोठ्या हुशारीने ठरवले. पहिल्या शनिवारी टाउन हॉलची बाग, दुसऱ्या शनिवारी बिंदू चौकाजवळ मिसळ, तिसऱ्या शनिवारी कळंबा तलाव. चौथ्या शनिवारी दुपारी तीनपासून "कुठं भेटायचं" यावर संदेश सुरू झाले, ते संध्याकाळी सातपर्यंत संपले नाहीत, आणि अखेर जे दोघे घराबाहेर पडले ते दोन वेगळ्या ठिकाणी जाऊन उभे राहिले. त्यांतला एक मी होतो. पुढच्या गटाच्या वेळी आम्ही रंकाळ्याच्या काठावरची एकच चहाची टपरी धरली. टपरीवाल्याला आमचा वार पाठ झाला, आणि एखादा उशिरा आला तर "तुमची माणसं त्या बाजूच्या बाकावर बसल्यात" असे तोच सांगू लागला. जागा ठरली की अर्धा गट ठरतो, हे तेव्हा कळले.

उघड्यावरच्या जागांना खर्च नसतो, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस लक्षात घेऊन छप्पर असलेली दुसरी जागा आधीच ठरवून ठेवावी. पाऊस आला की विचारू, असे म्हणणे म्हणजे भेट रद्द करण्यासारखेच आहे. घरे आळीपाळीने घेण्याची पद्धत चांगली वाटते, पण त्यात ज्याचे घर लहान आहे, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे किंवा जो खोली करून राहतो, तो आपली पाळी येण्याआधीच गळतो. शिवाय घरच्या बाईमाणसावर दहा जणांच्या पोह्यांचा भार पडतो आणि त्याची कोठे नोंद होत नाही. त्यामुळे पहिले सहा महिने घर नकोच. हॉटेलात बसायचे असेल तर गर्दीची वेळ टाळावी आणि दोन चहांवर दोन तास टेबल अडवू नये. वाचनाच्या गटाने प्रथम वाचनालयाकडे चौकशी करावी. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या शहरात आहे आणि पुस्तकांवर बोलू पाहणाऱ्या माणसांना तेथे आपल्यासारखी आणखी माणसे भेटतात. वर्षातून एखादा मोठा कार्यक्रम करायचा झाल्यास दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनासारखे सभागृह भाड्याने घेता येते, पण दर आठवड्याच्या भेटीला सभागृह घेणाऱ्या गटाची पुढची सारी शक्ती भाडे जमवण्यात जाते.

६. आमच्यात कोणी फर्स्ट शिफ्टला, कोणी सेकंडला, कोणाची सुट्टी भलत्याच वारी. वार कसा ठरवायचा?

सर्वांना जमेल असा वार शोधू नये, कारण तो नसतो. निम्म्याहून अधिक जणांना जमेल असा वार धरून तो कायम ठेवावा. शिफ्ट आठवड्याला बदलत असेल तर आज न आलेला माणूस पुढच्या आठवड्यात आपोआप येतो, एवढे गणित पुरते. "या वेळी फक्त शनिवारऐवजी रविवार करू" ही सवलत एकदा दिली की दर वेळी मागितली जाते. आम्ही केवळ एक अपवाद लिहून ठेवला होता: राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचली की भेट आपोआप रद्द, विचारायचे नाही. ४३ फूट ही धोका पातळी, आणि तोवर निम्म्या जणांना आपापल्या घरातले सामान हलवायचे असते.

७. पहिल्या भेटीत काय करावे? भाषण, ओळख, नियम?

भाषण नको. ओळख चहाबरोबर होते. नियमांपैकी तीन त्याच दिवशी तोंडी ठरवावेत: वार आणि वेळ, खर्चाची पद्धत, आणि नवीन माणूस आणायचा असल्यास आधी विचारायचे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष नेमण्याचा मोह मात्र आवरावा. दहा जणांच्या गटात सहा पदाधिकारी झाले की उरलेल्या चौघांना आपण प्रेक्षक आहोत असे वाटू लागते. निरोप देणारा एक आणि हिशेब ठेवणारा एक, एवढी दोन कामे पुरेशी असून ती सहा-सहा महिन्यांनी फिरवावीत.

८. वर्गणी काढावी की टीटीएमएम करावे?

चहा-नाश्त्यापुरते टीटीएमएम, म्हणजे तुझे तू माझे मी, हेच उत्तम. "आज मी देतो" म्हणणारा दिलदार मित्र प्रत्येक गटात असतो, आणि त्याच्या दिलदारीमुळेच ज्याच्या खिशात त्या आठवड्यात पैसे नाहीत तो संकोचून येत नाही. त्याला एकट्याला बाजूला घेऊन हे सांगावे. चारचौघांत सांगितले तर तो अपमान समजेल. सहल, जेवण, खेळाचे साहित्य असे मोठे खर्च असतील तर वर्गणी काढावी, आणि तिची रक्कम गटातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला झेपेल एवढीच ठेवावी. एकाच वर्कशॉपमध्ये फिटर आणि इंजिनीअर दोघे गटात असतात तेव्हा तर हे फार जपावे लागते.

९. जमलेले पैसे ठेवायचे कुठे आणि हिशेब कसा द्यायचा?

एकाच माणसाच्या नेहमीच्या यूपीआय खात्यात पैसे जमा करणे सोयीचे असते, पण त्याचा पगार, गॅसचे बिल आणि गटाची वर्गणी एकाच ठिकाणी मिसळते, आणि सहा महिन्यांनी त्यालाही खरा आकडा सांगता येत नाही. दोघांच्या संयुक्त नावाने वेगळे बचत खाते उघडून, दोघांच्या संमतीशिवाय पैसे निघणार नाहीत अशी सूचना बँकेला द्यावी.

हिशेब वहीतच ठेवावा, असे माझे जुन्या वळणाचे मत आहे. आमच्या खजिनदाराकडे लाल बांधणीची लांबट वही होती. "चहा ९, खारी २ पुडे, सुट्टे परत ६" अशा ओळी त्यात असत, आणि प्रत्येक भेटीच्या शेवटी वही एकदा हातोहात फिरे. कोणी ती नीट वाचत नसे, पण फिरे हे महत्त्वाचे. एका सहलीत मात्र आम्ही वही घरी विसरलो. परतल्यावर १,८५० रुपयांचा मेळ लागेना, खजिनदाराने अवाक्षर न काढता ते स्वतःच्या खिशातून भरले, आणि नंतर तो भेटींना येईनासा झाला. त्याच्यावर कोणी संशय घेतला नव्हता. पण कोणी "आपण सगळे मिळून भरू" असेही म्हणाले नव्हते, आणि ते लागले असणार.

१०. गटातच भिशी सुरू केली तर? सगळीकडे चालतेच की.

चालते, आणि म्हणूनच विचार करून सुरू करावी. ठरलेल्या सभासदांनी ठरावीक हप्ता भरायचा आणि चिठ्ठी टाकून किंवा लिलावाने एकेकाने रक्कम उचलायची, ही रचना चिट फंड अधिनियम, १९८२ मधल्या चिटच्या व्याख्येत बसते, आणि त्या कायद्याप्रमाणे चिट चालवण्यास शासनाची पूर्वमंजुरी व नोंदणी लागते. घरगुती भिशी ओळखीच्या विश्वासावर चालते हे खरे, परंतु पहिल्याच महिन्यात रक्कम उचललेल्या माणसाची नोकरी गेली तर उरलेल्यांच्या हाती कागद नसतो, आणि मैत्री व पैसा दोन्ही एकदमच जातात. जमलेल्या भिशीतून बाहेरच्यांना व्याजाने पैसे देणे तर पूर्णपणे टाळावे, कारण परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली गुन्हा आहे. बचत हाच हेतू असेल तर बँकेशी जोडलेला बचत गट हा सरळ मार्ग आहे. माझा स्वतःचा सल्ला असा की मैत्रीचा गट आणि पैशाचा गट ही माणसे तीच असली तरी वेगळी ठेवावीत.

११. आम्हाला रस्सा मंडळ, म्हणजे सर्वांनी मिळून बाहेर केलेले मटण-रश्शाचे जेवण, करायचे आहे, पण गटात शाकाहारी आहेत, वार पाळणारे आहेत आणि काही जण पिणारेही आहेत.

शेतात चूल मांडून तांबडा-पांढरा रटरटू लागला की कोल्हापुरात वेगळे निमित्त लागत नाही, पण दिवस ठरवताना पंचांगापेक्षा माणसांना विचारावे. कोणाचा सोमवार असतो, कोणाचा गुरुवार, कोणाचा शनिवार, अंबाबाईचा मंगळवार-शुक्रवार पाळणारे असतात, जोतिबाचा रविवार पाळणारेही पुष्कळ आहेत, आणि श्रावणात तर प्रश्नच नाही. सर्वांना विचारून झाल्यावर बहुधा बुधवार उरतो, आणि बुधवारी कामाला सुट्टी नसते. रात्रीचे जेवण ठेवणे एवढाच मार्ग मग राहतो.

शाकाहारी माणसासाठी वेगळे पातेले आणि वेगळा पळा ठेवावा, आणि ते आधी चुलीवर चढवावे. शेवटी घाईने केलेली बटाट्याची पातळ भाजी त्याच्यापुढे सरकवणे हा पाहुणचार नव्हे. मटणाचे पैसे त्याच्याकडून घेऊ नयेत. मद्याच्या बाबतीत आमचा नियम साधा होता: गटाच्या पैशातून एक थेंबही नाही, आणि गाडी चालवणाऱ्याने घेतलेली असेल तर किल्ली दुसऱ्याकडे. या नियमावरून दोघे रुसले होते. पुढच्या रस्सा मंडळाला दोघेही वेळेवर हजर होते.

१२. साहेबांना गटात घ्यावे का?

गटातल्या कोणाच्याही रजेवर, पगारवाढीवर किंवा बदलीवर जो सही करतो त्याला नियमित गटात घेऊ नये, मग तो कितीही चांगला असो. त्याच्या समोर माणसे मोजून बोलतात, आणि त्यालाही कामाच्या तक्रारी ऐकाव्या लागतात. वर्षातून एखाद्या जेवणाला आग्रहाने बोलवावे. गटातल्याच एखाद्याला बढती मिळून तो इतरांचा वरिष्ठ झाला तर त्याला काढू नये. त्याच्यासमोर कामाचे बोलायचे नाही एवढे ठरवले की पुरते. बहुतेक वेळा तो स्वतःच हळूहळू कमी येऊ लागतो आणि ते समजून घ्यावे.

१३. विभागात बाराजण आहेत, गटात आठ. उरलेल्या चौघांना वाईट वाटते. काय करावे?

गटाचे बोलणे जेवणाच्या सुट्टीत, सर्वांसमोर, आतल्या विनोदांसह करू नये. निम्मा राग त्यानेच येतो. त्या चौघांपैकी कोणी स्वतः विचारले तर दार उघडे ठेवावे. कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या जागेत किंवा कंपनीच्या खर्चाने काही होत असेल तर मात्र ते सर्वांसाठीच असले पाहिजे.

१४. आमच्या गटात स्त्री सहकारीही आहेत. वेगळी काळजी काय घ्यावी? आणि गटात गैरवर्तन झाले तर ते ऑफिसचे प्रकरण होते का?

पहिली काळजी वेळेची. रात्री साडेआठला सुरू होणारी भेट कागदावर सर्वांसाठी असते आणि प्रत्यक्षात पुरुषांची होते, कारण त्या वेळी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि परतीचा रस्ता कोणाच्या वाट्याला येतो हे सर्वांना माहीत आहे. सकाळी सातची किंवा सुट्टीच्या दिवशी दुपारची वेळ ठेवून पाहावी, हजेरीतला फरक लगेच दिसतो. गटात एकच स्त्री असेल तर ती फार दिवस टिकत नाही. सुरुवातीपासून किमान तिघी असाव्यात.

दुसऱ्या भागाचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामाच्या ठिकाणाची व्याख्या व्यापक करतो: नोकरीच्या निमित्ताने किंवा नोकरीच्या ओघात भेट दिलेली जागा आणि मालकाने पुरवलेले वाहनही त्यात येते. कंपनीने काढलेली सहल त्यामुळे त्यात येऊ शकते. मित्रांनी रविवारी स्वतःच्या पैशाने केलेल्या भेटीचा कामाशी संबंध किती, हे त्या त्या प्रकरणात तपासले जाते, पण तीच माणसे सोमवारी शेजारच्या खुर्चीत बसतात आणि छळ तेथेही सुरू राहिला तर तक्रारीचा मार्ग खुला असतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि त्याहून लहान ठिकाणच्या महिलांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. "मित्रामित्रांतलं आहे, मिटवून टाकू" असे गटाने तिला सांगू नये.

१५. मी सरकारी नोकरीत आहे. असा गट काढायला परवानगी लागते का?

चालणे, वाचणे, जेवणे यांसाठी लागत नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत, आणि तीन गोष्टी जपाव्या लागतात: गट कोणत्याही राजकीय पक्षाच्या कामात उतरता कामा नये, पूर्वपरवानगीशिवाय लोकांकडून निधी गोळा करू नये, आणि गटाच्या नावाआड खासगी व्यवसाय चालवू नये. शंका असेल तर आस्थापना शाखेत लेखी विचारावे.

१६. गटाच्या व्हॉट्सॲपवर सकाळी फुलांचे फोटो, दुपारी राजकारण आणि रात्री भांडण. ॲडमिन म्हणून मी अडकेन का?

कायद्यापुरते सांगायचे तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे स्पष्ट केले आहे की एखाद्या सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, जोपर्यंत त्याचा समान हेतू किंवा आधीच आखलेला बेत दिसत नाही. तरीही असा मजकूर दिसताच काढून टाकावा. ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी पुसता येतो.

भांडणावर दोन ग्रुप हा सर्वांत सोपा उपाय आहे. एक केवळ वार, वेळ आणि हिशेबाचा, ज्यात फक्त ॲडमिन लिहितात. दुसरा मोकळा, फुलांसाठी आणि बाकी सगळ्यासाठी. निवडणुकीच्या काळात दुसरा कितीही तापला तरी पहिल्यावरून माणसे शनिवारी चहाला येतात.

१७. गटाची नोंदणी करावी का?

भेटणे, खेळणे, फिरणे एवढेच असेल तर नको. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासदांना संस्था नोंदवता येते, आणि महाराष्ट्रात अशी संस्था बहुधा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावी लागते. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून सादर करणे आणि पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देणे ओघाने आले. हौसेने नोंदवलेल्या संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षे राहून जातात आणि कागदावर असे विश्वस्त उरतात जे गाव सोडून गेले आहेत. बाहेरून देणग्या घ्यायच्या असतील, संस्थेच्या नावे जागा किंवा खाते हवे असेल किंवा स्पर्धा भरवायच्या असतील तरच हा मार्ग धरावा, तोही गट दोन वर्षे टिकल्यानंतर.

१८. नोंदणी नाही, पण महापुरात मदत गोळा करायची झाली तर?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शहरातल्या कित्येक मंडळांनी आणि मित्रगटांनी जेवणाची पाकिटे, पाणी आणि होड्यांपर्यंत मदत पोहोचवली, तेव्हा कागद पाहत कोणी बसले नव्हते. मात्र नियम माहीत असावा. गटाने आपल्याच सभासदांकडून वर्गणी काढून मदत दिली तर अडचण नाही. नोंदणी नसताना सर्वसामान्य लोकांकडून धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील तर १९५० च्या कायद्याच्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे दरवर्षी हीच परवानगी घेतात. घाईच्या प्रसंगी रोख गोळा न करता वस्तू घ्याव्यात, किंवा नोंदणीकृत संस्थेच्या पावतीवर काम करावे. वाटप संपताच काय आले, कोठे गेले याची यादी फोटोसह सर्वांना पाठवावी (वहीबद्दल प्रश्न ९ पाहावा).

१९. गटाने पन्हाळा-पावनखिंड किंवा दाजीपूरला जायचे ठरवले आहे. कोणाला काही झाले तर जबाबदारी कोणाची?

जुलै १६६० मधल्या पावनखिंडीच्या लढाईच्या स्मरणार्थ दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून मसाई पठारावरून पावनखिंडीकडे दोन दिवसांची चाल निघते. चिखल, जळवा आणि धुके यांची कल्पना नसलेल्या नवख्याला पहिल्याच वर्षी तेथे नेऊ नये. आधी पन्हाळा ते मसाई पठार आणि परत, एवढे एका दिवसात करून पाहावे. दाजीपूरचे अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते, हे बस ठरवल्यावर कळणारे गट दरवर्षी निघतात.

मित्रांच्या सहलीत सर्व जण स्वेच्छेने येतात, परंतु ज्याने पैसे घेतले, गाडी ठरवली आणि "मी नेतो" म्हटले त्याच्याकडे बोट दाखवले जाते हे धरूनच चालावे. त्यामुळे प्रत्येकाच्या घरचा एक दूरध्वनी क्रमांक, चालू असलेली औषधे आणि रक्तगट कागदावर लिहून दोन वेगळ्या सॅकमध्ये ठेवावा. जंगलात मोबाइलला रेंज नसते आणि भिजलेला मोबाइल बंद पडतो.

२०. एक सभासद येतो, पण दर वेळी कोणाशी तरी वाजते. काढून टाकायचे कसे?

आधी दोघांनी जाऊन त्याला भेटावे, संदेशावर काही लिहू नये. अनेकदा घरचे किंवा नोकरीचे काही निघते आणि प्रकरण तेथेच निवळते. तरीही थांबले नाही तर स्पष्ट सांगावे, आणि त्याची शिल्लक वर्गणी त्याच दिवशी परत करावी. ग्रुपमधून गुपचूप काढणे किंवा त्याला वगळून नवा ग्रुप काढणे हे मार्ग सोपे असतात. पण शहर लहान आहे, तो महाद्वार रोडला समोरून येतोच.

२१. माझी पुण्याला बदली झाली. गटात राहावे की बाहेर पडावे?

मोकळ्या ग्रुपवर राहावे, हिशेबाच्या ग्रुपमधून बाहेर पडावे आणि वर्गणी थांबवावी. गणपतीला किंवा नवरात्रात गावी आल्यावर त्या आठवड्याची भेट चुकवू नये. परगावी गेलेल्यांसाठी वार बदलण्याची गरज नाही (प्रश्न ६), उलट वार तोच राहिला म्हणूनच त्यांना न विचारता येता येते.

२२. गट थंडावला आहे. तिघेच येतो. बंद करावा का, आणि शिल्लक पैशांचे काय?

तिघे नियमित येत असतील तर गट चालू आहे, तो लहान झाला आहे एवढेच. सलग चार भेटींना दोनपेक्षा कमी माणसे आली तर मात्र एक शेवटची भेट ठरवून सर्वांना बोलवावे, वही समोर ठेवावी, आणि शिल्लक रक्कम ज्यांनी जितकी भरली त्या प्रमाणात परत करावी. रक्कम फारच किरकोळ असेल तर सर्वांच्या संमतीने त्याच दिवशी तिचा चहा-खारी करावी. संयुक्त खाते बंद करण्याच्या अर्जावर दोघांच्याही सह्या लागतात, म्हणून दुसऱ्या खातेदाराची बदली होण्याआधी ते काम उरकावे. वही खजिनदाराकडेच राहू द्यावी.